कोपनहेगनच्या ‘टिव्होली’ला हे नाव कसं मिळालं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलाकडे किंवा मुलीकडे डेन्मार्कला जाऊन आलेले आई-वडील, सहलीची आखणी करताना नकाशावर दोन-दोन टिव्होली पाहून गोंधळलेले प्रवासी, शब्दांच्या मागे लागणारे वाचक अशा सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच येतात. ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी आहेत, अडचणीचे नंतर. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे लागली, तर तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. टिव्होली म्हणजे नेमकं काय आणि ते कुठे आहे?

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन इथलं जुनं अम्यूझमेंट पार्क. १५ ऑगस्ट १८४३ रोजी ते उघडलं आणि आजही चालू आहे. शहराच्या मुख्य रेल्वे स्टेशनातून बाहेर पडून रस्ता ओलांडला की समोर त्याची भिंत लागते. आत पाळणे आहेत, नाट्यगृहं आहेत, तळं आहे, फुलझाडांचे ताटवे आहेत आणि १९१४ सालचा लाकडी रोलर कोस्टर आहे. त्याच्या गाडीवर अजूनही एक माणूस बसतो आणि उतारावर हाताने ब्रेक लावतो.

२. थोडक्यात सांगा: हे नाव आलं कुठून?

रोमजवळच्या टिव्होली या गावावरून पॅरिसमधल्या एका बागेला टिव्होली नाव पडलं. त्या पॅरिसच्या बागेवरून कोपनहेगनच्या उद्यानाला ते मिळालं. म्हणजे नाव इटलीचं असलं, तरी डेन्मार्कला ते पॅरिसमार्गे पोहोचलं. हा मधला टप्पा बहुतेक जण विसरतात आणि निम्मे गैरसमज तिथूनच सुरू होतात.

३. इटलीतल्या त्या गावात असं काय होतं की त्याचं नाव बागेला द्यावंसं वाटलं?

पाणी आणि गारवा. टिव्होली रोमच्या पूर्वेला साधारण ३० किलोमीटरवर डोंगराच्या कडेला आहे. अनिएने नदी तिथे कड्यावरून खाली कोसळते. रोमचा उन्हाळा नकोसा झाला की प्राचीन रोममधले धनिक तिथल्या आपल्या वाड्यांत जाऊन राहत. कवी होरेसने या गावाचं कौतुक केलं आहे. सम्राट हेड्रियनने दुसऱ्या शतकात गावाच्या पायथ्याशी प्रचंड राजवाडा बांधला. सोळाव्या शतकात कार्डिनल इप्पोलितो द’एस्ते याने गावातच एक बाग उभारली. तिथली कारंजी एकाही पंपाशिवाय, नदीचं पाणी उतारावरून आणून नुसत्या त्याच्या दाबावर उडतात. हेड्रियनचा राजवाडा आणि ही बाग, दोन्ही आज युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत.

अठराव्या शतकात उत्तर युरोपातली सुखवस्तू तरुण मंडळी शिक्षणाचा भाग म्हणून इटलीची मोठी सफर करत. त्या सफरीत टिव्होली ठरलेलंच असे. चित्रकारांनी तिथला धबधबा आणि कड्यावरचं गोल देऊळ इतक्या वेळा रंगवलं की न गेलेल्यांच्याही डोळ्यांसमोर ते गाव उभं राही. शहरापासून जवळ, पण शहर नव्हे. झाडी, पाणी, पडके अवशेष आणि मोकळा श्वास. मुंबईकराच्या मनात ‘माथेरान’ म्हटल्यावर जे उमटतं, तसं काहीसं पॅरिसच्या माणसाच्या मनात ‘टिव्होली’ म्हटल्यावर उमटत असावं.

४. ‘टिव्होली’ या शब्दाचा मूळ अर्थ काय?

गावाचं लॅटिन नाव ‘तिबुर’. रोमन पुराणकथा सांगते की तिबुर्तुस नावाच्या वीरावरून ते पडलं. अशा कथांत बहुधा आधी गाव असतं आणि मग त्याच्या नावाचा वीर जन्माला येतो, त्यामुळे ती पुरावा म्हणून धरू नये.

‘तिबुर’चं ‘तिवोली’ होणं मात्र नियमाला धरून आहे. लॅटिनमधला दोन स्वरांमधला ‘ब’ इटालियनमध्ये ‘व’ होतो. घोड्याला लॅटिनमध्ये ‘काबालुस’, इटालियनमध्ये ‘कावाल्लो’. ‘र’चा ‘ल’ होणं आपल्यालाही परकं नाही: संस्कृत ‘चत्वारिंशत्’चं मराठीत ‘चाळीस’ झालं, ‘हरिद्रा’ची ‘हळद’ झाली. आणि ‘दीप’चा ‘दिवा’ होताना ओठांवरचं व्यंजन ‘व’पर्यंत घसरलंच ना?

त्याच ‘तिबुर’चा आणखी एक वंशज आपल्या घरांत आला आहे. गावाजवळच्या खाणींतल्या दगडाला रोमन लोक ‘तिबुरचा दगड’, म्हणजे ‘लापिस तिबुर्तिनुस’ म्हणत. त्यातून ‘ट्रॅव्हर्टाइन’ हा शब्द झाला. रोमचं कोलोसियम या दगडाचं आहे. टाइल्सच्या दुकानात ‘ट्रॅव्हर्टाइन फिनिश’ दाखवतात तेव्हा नकळत टिव्होलीचंच नाव घेतलं जातं. मला ही जोडी फार आवडते: एकाच गावाच्या नावातून एकीकडे पाळण्यांची बाग निघाली आणि दुसरीकडे फरशी.

५. पॅरिसचं टिव्होली आज पाहता येतं का?

नाही. ते सेंट-लझार रेल्वे स्टेशनच्या परिसरात होतं, आता तिथे दाट वस्ती आहे. सिमों-गाब्रिएल बूतँ या धनाढ्य माणसाने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, तेव्हाच्या शहराच्या कडेला, हौसेने ती बाग केली. तिला टिव्होली हे नाव मिळालं. फ्रेंच राज्यक्रांतीत १७९४ मध्ये बूतँचा गिलोटिनवर शिरच्छेद झाला. पुढच्याच वर्षी ती खासगी बाग तिकीट लावून लोकांसाठी उघडली. नाच, संगीत, दिव्यांची रोषणाई आणि शोभेची दारू! रुज्जिएरी या दारूकाम करणाऱ्या घराण्याने तिथल्या रात्री गाजवल्या.

बाग पुढे दोनदा जागा बदलून जवळपास हलली, पण नाव तेच ठेवून. इथेच शब्दाने कूस बदलली. ‘टिव्होली’ हे इटलीतल्या गावाचं नाव उरलं नाही, संध्याकाळी तिकीट काढून जायच्या करमणुकीच्या बागेला लोक टिव्होली म्हणू लागले. आपल्याकडे ‘चौपाटी’चं हेच झालं. गिरगावचा समुद्रकिनारा म्हणजे चौपाटी, पण आता समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांबच्या गावातही भेळेच्या गाड्या रांगेने लागल्या की ती चौपाटी होते. समुद्र मागे राहिला, भेळ पुढे गेली. टिव्होलीतही धबधबा मागे राहिला आणि रोषणाई पुढे गेली.

६. कोपनहेगनमध्ये हे नाव कोणी आणलं?

गेऑर्ग कार्स्टन्सन याने. त्याचा जन्म १८१२ चा, उत्तर आफ्रिकेतल्या अल्जियर्सचा. वडील तिथे डेन्मार्कच्या राजनैतिक सेवेत होते. तरुणपणी त्याने बरंच जग पाहिलं. कोपनहेगनला परतल्यावर तो नियतकालिकं काढू लागला आणि वर्गणीदारांसाठी राजाच्या बागेत संगीत, रोषणाई, आतषबाजीच्या संध्याकाळी भरवू लागला. त्या इतक्या चालल्या की कायमची जागा हवी असं त्याच्या मनाने घेतलं.

राजा आठवा क्रिस्टियन याच्याकडून त्याने परवानगी मिळवली. ‘लोक करमणुकीत असले की राजकारणाचा विचार करत नाहीत’ असं त्याने राजाला पटवलं, अशी गोष्ट डेन्मार्कमध्ये सांगतात. जागा मिळाली ती शहराच्या पश्चिम वेशीबाहेर, तटबंदीच्या उतारावर. तिथे पक्कं बांधकाम करायची मुभा नव्हती, कारण शत्रू आलाच तर तोफांसमोरचं मैदान मोकळं करता आलं पाहिजे. म्हणून पहिलं टिव्होली लाकडाचं होतं. आतलं तळं हा जुन्या खंदकाचाच तुकडा आहे.

त्याने टिव्होली हे नाव का घेतलं, याचं उत्तर प्रश्न ५ मध्ये जवळपास येऊन गेलं. १८४३ पर्यंत त्या शब्दाचा युरोपभर एकच अर्थ होता. पाटी वाचून कोणालाही कळत होतं की आत काय आहे. नवं नाव घडवण्यापेक्षा ओळखीचं नाव घेणं हा धंद्याचा साधा हिशेब होता. माझ्या मते तो अगदी बरोबर निघाला.

७. जुन्या कागदपत्रांत ‘टिव्होली आणि वॉक्सहॉल’ असं जोडनाव दिसतं. हे वॉक्सहॉल काय?

उद्यानाचं मूळ नाव तेच होतं. पहिला शब्द पॅरिसकडून आला, दुसरा लंडनकडून.

वॉक्सहॉल ही लंडनमध्ये टेम्स नदीच्या दक्षिण काठावरची करमणुकीची बाग. सतराव्या शतकात, १६६० च्या सुमारास ती सुरू झाली. १७२९ पासून जोनाथन टायर्स याने ती चालवायला घेतली आणि तिचं सोनं केलं: झाडांच्या रांगांतून दिवे, वाद्यवृंद, चित्रं लावलेल्या जेवणाच्या ओवऱ्या. तिकीट परवडेल त्याला आत प्रवेश होता. उमराव आणि दुकानदार एकाच वाटेने फिरत होते, आणि त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. १७४९ मध्ये हँडेलच्या संगीताची नुसती रंगीत तालीम ऐकायला हजारोंची गर्दी उसळली होती. बाग १८५९ मध्ये कायमची बंद झाली.

वॉक्सहॉलचं स्वतःचं नाव तर एका भाडोत्री सैनिकाचं आहे. तेराव्या शतकात इंग्लंडच्या जॉन राजाच्या पदरी फॉक्स द ब्रोते नावाचा नॉर्मन लढवय्या होता. त्याचा वाडा या भागात होता. ‘फॉक्सचा हॉल’ लोकांच्या तोंडी घासून घासून ‘वॉक्सहॉल’ झाला. ब्रिटनमधली वॉक्सहॉल मोटार कंपनी मूळची याच वस्तीतली. तिच्या बोधचिन्हातला गरुडमुखी सिंह त्याच फॉक्सच्या मुद्रेवरून घेतला आहे.

८. रशियन भाषेत रेल्वे स्टेशनला ‘वक्झाल’ म्हणतात. त्याचा या वॉक्सहॉलशी संबंध आहे का?

आहे, पण सांगतात तसा नाही. लोकप्रिय गोष्ट अशी: रशियन अधिकारी लंडनला रेल्वे पाहायला गेले, ‘वॉक्सहॉल’ स्टेशनची पाटी वाचली आणि इंग्रजीत स्टेशनला वॉक्सहॉल म्हणतात असं समजून परतले. ही गोष्ट कालक्रमातच बसत नाही. रशियनमध्ये हा शब्द अठराव्या शतकापासूनच करमणुकीच्या बागेसाठी वापरात होता, म्हणजे रेल्वेच्या कितीतरी आधी.

झालं ते असं. रशियाची पहिली सार्वजनिक रेल्वे १८३७ मध्ये सेंट पीटर्सबर्गहून सुरू झाली आणि तिचं टोक पावलोव्स्क इथे होतं. लोकांनी गाडीत बसावं म्हणून तिथल्या स्टेशनालाच जोडून संगीताचं मोठं सभागृह बांधलं आणि त्याला तेव्हाच्या रीतीने ‘वॉक्सहॉल’ म्हटलं. पुढे योहान श्ट्राउस धाकटा तिथे अनेक उन्हाळे वाजवत असे. लोक ‘वॉक्सहॉलला जातो’ म्हणू लागले. आधी संगीतासाठी, मग गाडीसाठी, आणि शब्द स्टेशनला चिकटला. आज मॉस्कोच्या कोणत्याही मोठ्या स्टेशनवर उभं राहिलात, तर टिव्होलीच्या हरवलेल्या जुळ्या नावाखाली उभे आहात.

९. मग टिव्होलीच्या नावातून वॉक्सहॉल गळलं का?

लोक लांब नाव पूर्ण म्हणत नाहीत. मुंबईतलं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान मोठ्यांच्या बोलण्यात अजून राणीची बागच असतं. तसं कोपनहेगनकरांनी रोजच्या बोलण्यात एकच शब्द ठेवला. दोन्हींपैकी टिव्होलीच का? ‘वॉक्सहॉल’ डॅनिश जिभेला अवघड, ‘टिव्होली’ तीन हलकी अक्षरं. शिवाय लंडनच्या मूळ बागेचे दिवस भरत आले होते. तिचे मालक १८४० मध्ये दिवाळखोर झाले होते. ही कारणं माझी जुळवणी आहेत, पण मला ती पुरेशी वाटतात.

१०. ‘टिव्होली’ रोमन अक्षरांत उलटं वाचलं की ‘आय लव्ह इट’ होतं. नाव मुद्दाम तसं ठेवलं ना?

नाही. सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून स्पष्ट सांगतो: हा निव्वळ योगायोग आहे.

गावाचं हे नाव मध्ययुगापासून आहे (प्रश्न ४). पॅरिसच्या बागेला ते मिळालं तेव्हा फ्रेंच माणसाला उलट्या इंग्रजी वाक्याशी काही देणंघेणं नव्हतं. १८४३ च्या कोपनहेगनमध्ये सुशिक्षित लोक जर्मन आणि फ्रेंच वाचत. शिवाय जुळणी पूर्ण नाहीच: इंग्रजी ‘लव्ह’च्या शेवटचं ‘ई’ उलट वाचनात सापडत नाही, ते आपण मनाने भरतो. एखाद्या नावाची अशी गंमतशीर फोड कोणी सांगितली, तर एकच तपासावं: ते नाव तिथे पोहोचण्याआधी कुठे होतं? टिव्होलीच्या बाबतीत दोन मुक्काम आधीच झाले होते.

या फोडीला एकदा मात्र खरा उपयोग मिळाला. तो प्रश्न १६ मध्ये.

११. नाव इटालियन, मग आत चिनी पॅगोडा आणि घुमटांचा महाल कसा?

कारण नाव इटलीहून नाही, पॅरिसच्या बागेवरून आलं (प्रश्न २). इटलीची प्रतिकृती करायची हा हेतूच नव्हता. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय माणसाला करमणूक म्हणजे दूरदेशीचा भास हवा होता. म्हणून पहिल्या वर्षापासून तिथे पौर्वात्य थाटाच्या इमारती होत्या. १८७४ चं मूकनाट्याचं थिएटर चिनी वळणाचं आहे, त्याचा पडदा म्हणजे पिसारा मिटणारा यांत्रिक मोर.

घुमटांची, रात्री दिव्यांनी उजळणारी इमारत १९०९ ची आहे. ताजमहालाची नक्कल आहे का, असं आपल्याकडचे लोक विचारतात. तिची शैली मूरिश आहे, म्हणजे उत्तर आफ्रिका आणि मध्ययुगीन स्पेनमधल्या मुस्लिम इमारतींच्या वळणाची. तिचं नाव ‘निंब’. कडुनिंबाशी त्याचा संबंध नाही, तिथे उपाहारगृह चालवणाऱ्या कुटुंबाचं ते आडनाव.

१२. ‘टिव्होली गार्डन्स’ बरोबर की नुसतं ‘टिव्होली’?

डॅनिशमध्ये नुसतं टिव्होली. ‘गार्डन्स’ ही इंग्रजीची भर आहे, चूक नाही.

फक्त एक सापळा आहे. डॅनिश मजकुरात ‘टिव्होली-गार्डन’ असं दिसलं, तर ती बाग नव्हे. तिथे ‘गार्ड’ म्हणजे पहारेकरी पथक आणि शेवटचा ‘अन’ हा डॅनिशचा निश्चयदर्शक प्रत्यय. १८४४ मध्ये सुरू झालेलं, लाल डगले घालून वाद्यं वाजवत संचलन करणारं मुलांचं पथक ते. भाषांतराच्या यंत्रावर भरवसा ठेवून ‘बाग रस्त्यावरून चालत गेली’ असं वाचायची वेळ येऊ शकते.

१३. नॉर्वे, स्वीडनमध्येही जागोजागी ‘टिव्होली’ आहेत. त्या कोपनहेगनच्या शाखा आहेत का?

बहुतेक नाहीत. आपण जसं कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणत आलो, तसं उत्तरेकडच्या भाषांत ‘टिव्होली’ सामान्यनाम झालं आहे. डॅनिश, नॉर्वेजियन, स्वीडिश, फिनिश, आइसलँडिक या सगळ्यांत ते चालतं. गावोगाव फिरणारी पाळण्यांची जत्रा असते, तीही टिव्होली. रोमन लिपीत मोठ्या अक्षराने सुरुवात असेल तर विशिष्ट उद्यान, छोट्या अक्षराने असेल तर कुठलंही. देवनागरीत ही सोय नाही, त्यामुळे संदर्भ पाहूनच ठरवावं लागतं.

१४. टिव्होली जगातलं सर्वांत जुनं अम्यूझमेंट पार्क आहे ना?

नाही, आणि त्याहून जुनं कोपनहेगनच्या उत्तरेलाच आहे. त्याला ‘बाकेन’ म्हणतात, म्हणजे ‘टेकडी’. पूर्ण नाव ‘ड्यूरहाउसबाकेन’, हरणांच्या रानातली टेकडी. १५८३ मध्ये तिथे गोड्या पाण्याचा झरा सापडला, त्या पाण्याला गुण आहे असं ठरलं, लोक येऊ लागले, त्यांच्यामागे खेळवाले आणि खाऊवाले आले. व्हिएन्नातलं प्राटरचं उद्यानही १७६६ चं, टिव्होलीच्या आधीचं. बाकेनला कोणी नाव दिलं नाही, जागेचं वर्णनच नाव झालं. आपल्या जत्रांची नावंही अशीच पडतात.

१५. ‘लूना पार्क’ हे नावही जगभर आहे. ते टिव्होलीच्याच जातीचं का?

हो, पण मूळ वेगळं. १९०१ मध्ये अमेरिकेतल्या बफेलोच्या प्रदर्शनात ‘चंद्राची सफर’ नावाचा खेळ होता. त्यातल्या पंख हलवणाऱ्या विमानाचं नाव ‘लूना’. तो खेळ करणाऱ्या थॉम्पसन आणि डंडी यांनी १९०३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर लूना पार्क उघडलं. डंडीच्या बहिणीचं नाव लूना होतं, त्यावरून ते ठेवलं असंही सांगतात. नंतर इटालियन, तुर्की, ग्रीक अशा भाषांत ‘लूनापार्क’ हेच सामान्यनाम झालं. युरोपच्या उत्तरेला मुलं टिव्होलीत जातात, दक्षिणेला लूनापार्कमध्ये. आपल्या रस्त्यांवरच्या लुना मोपेडचा यात काही हात नाही.

१६. टिव्होली नावाची मोटारही आहे ना?

आहे. दक्षिण कोरियाच्या सँगयाँग कंपनीने २०१५ मध्ये आणली. नाव इटलीतल्या गावावरून घेतलं असं कंपनीने सांगितलं आणि जाहिरातीत उलट्या वाचनाची गंमतही वापरली. म्हणजे प्रश्न १० मधली फोड १८४३ ला खोटी आणि २०१५ ला निदान जाहिरातीपुरती खरी! सँगयाँग तेव्हा मुंबईच्या महिंद्राच्या मालकीची होती. त्याच गाडीच्या सांगाड्यावर महिंद्राने एक्सयूव्ही ३०० केली आणि ती नाशिकच्या कारखान्यातून बाहेर पडली.

१७. मराठीत ‘टिव्होली’ लिहावं की ‘तिवोली’?

इटलीतल्या गावासाठी ‘तिवोली’ उच्चाराला जास्त जवळ, कोपनहेगनच्या उद्यानासाठी ‘टिव्होली’ रूढ. गोंधळ नको म्हणून या पानावर दोन्हीकडे एकच रूप ठेवलं आहे. जोर मात्र दोन्ही भाषांत पहिल्या अक्षरावरच येतो.

१८. एखादं ‘टिव्होली’ पॅरिसच्या वंशातलं की कोपनहेगनच्या, हे कसं ओळखायचं?

आधी साल पाहा. स्लोव्हेनियाच्या ल्युब्ल्यानामधली टिव्होली बाग १८१३ ची, फ्रेंच अमलातली. तेव्हा कोपनहेगनचं टिव्होली जन्मालाही आलं नव्हतं. १८४३ च्या नंतरचं असेल, तर आत काय आहे ते पाहा. जपानच्या कुराशिकी शहरात १९९७ ते २००८ या काळात टिव्होली पार्क होतं, ते उघडपणे कोपनहेगनच्या धर्तीवरचं. स्पेनच्या बेनाल्मादेना इथलं १९७२ चं उद्यान एका डॅनिश माणसाने काढलेलं. नाट्यगृह, हॉटेल, कॉफीचं दुकान यांच्या नावातलं टिव्होली कुठलं, हे मात्र दर वेळी मालकालाच विचारावं लागतं. अनेकदा त्याला फक्त शब्दाचा नाद आवडलेला असतो.